प्लॉट विकून पुष्पक घ्यावं का?

पत्र नागपूरच्या एका बावीस वर्षांच्या मुलीचं आहे. तिच्याकडे शिकाऊ वैमानिकाचा परवाना आहे, सेसना १५२ वर ४२ तास झाले आहेत आणि एकटीनं पहिलं उड्डाणही झालं आहे. कमर्शियल परवान्यासाठी २०० तास लागतात. दुसऱ्या राज्यातल्या एका घरी वडिलांच्या पश्चात त्यांचं जुनं पुष्पक विमान मुलांनी विकायला काढलं आहे. दोन आसनी, कापड मढवलेलं, शेपटीखाली चाक असलेलं हे विमान अकरा वर्षं शेडमध्ये उभं आहे. किंमत एका बऱ्यापैकी चारचाकीएवढी. मुलीच्या नावावर बेसा भागात एक प्लॉट आहे. तो विकून विमान घ्यावं, उरलेले तास त्यावरच करावेत आणि मैत्रिणींना तासावर देऊन खर्च काढावा, असा बेत आहे. वडील म्हणतात, “घेऊन टाक नं, पाहून घेऊ मंग.” आई म्हणते, आधी परवाना. विकणाऱ्यांना दसऱ्यापर्यंत उत्तर हवं आहे, नाहीतर ते विमान भंगारात देणार आहेत. तिचे आजोबा नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रीच्या टपाल विमानांत थैल्या चढवायचे. “शेपटीचं चाक असलेल्या विमानावर शिकलेलाच खरा वैमानिक, असं सगळे म्हणतात. ही संधी सोडू का?” असा तिचा प्रश्न आहे.

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधीच सांगते, या विषयात मी तटस्थ नाही. मी पुष्पकवरच शिकले. ऊन खाल्लेल्या कापडाचा आणि त्यावर चढवायच्या डोप नावाच्या रोगणाचा वास आजही कुठे आला तर माझे पाय आपोआप रडरचे, म्हणजे शेपटीची उभी झडप वळवणारे, पेडल शोधतात. म्हणून तुझा मोह मला कळतो. हे विमान म्हणजे नुसती जुनी वस्तू नाही, हेही कळतं. १९५८ साली बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं. तिथल्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे, आपले कोल्हापूरकडचे. जर्मनीत प्रांटल या वायुगतिशास्त्रातल्या थोर शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. त्याआधी त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान केलं होतं. पुष्पक दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानांची जागा त्यांनी घेतली. वैमानिकांची एक अख्खी पिढी त्यांवर घडली.

आता तुझ्या पत्राकडे येते. त्यात ‘बाबा’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. आई एकदा आली आहे, तीही एका ओळीत. मोजायचं म्हणून मोजलं नाही, दुसऱ्या वाचनात लक्षात आलं. तुला लहानपणी वर्धा रोडवरून स्कूटरवर नेऊन कुंपणापाशी विमानं दाखवणारे बाबा, आजोबांच्या गोष्टी सांगणारे बाबा, प्लॉट विकायला तयार झालेले बाबा. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या सोनेगावला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत प्रत्येक विमान आपापल्या गावी परतायचं. ती डाकोटा विमानं शेपटीच्या चाकाचीच होती. जमिनीवर उभी असताना त्यांच्या आत चढ असतो. खांद्यावर थैली घेऊन तुझे आजोबा रोज रात्री तो चढ चढले असतील. अशा घरातल्या मुलीला शेपटीच्या चाकाची ओढ लागली नसती तरच नवल.

पण एक गोष्ट शांतपणे स्वतःला विचार. विमान हवंय ते तुला, की बाबांना? बाबांना असेल तर त्यात गैर काहीच नाही. आयुष्यभर कुंपणाबाहेरून पाहिलेलं विमान आपल्या मालकीचं व्हावं असं कुणालाही वाटेल. मात्र मग तसं मोकळेपणानं बोला, तिघंही बसून. बाबांची हौस तुझ्या शिक्षणाच्या खर्चात घातली की हिशेब बिघडतो. आणि आई बोलते आहे ते फक्त भीतीपोटी, असं धरून चालू नकोस. तिचं म्हणणं सगळ्यात कमी शब्दांत आहे. मला ते सगळ्यात पक्कं वाटलं.

हिशेबच पाहू. तुझ्या डोक्यात असं आहे की १५८ तास राहिले, संस्थेचा दर अमुक, आपलं विमान असलं की फक्त पेट्रोल. पहिली अडचण अशी की शिकाऊ परवान्यावर तू मनाला येईल तेव्हा उडू शकत नाहीस. प्रशिक्षकाच्या अधिकाराखाली आणि देखरेखीखालीच उडता येतं, आणि त्या प्रशिक्षकाला त्या विमानाचा अधिकार आणि सराव हवा. पुष्पकवर हात बसलेला आणि आज शिकवणारा प्रशिक्षक विदर्भात कोण आहे? माझ्या बरोबरीचे जे होते त्यांतले बहुतेक आता वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत बसत नाहीत. दुसरी अडचण मान्यतेची. प्रशिक्षण संस्थेला मान्यता मिळते ती तिच्या ठरावीक विमानांसह. घरचं विमान आणून ‘यावर माझे तास लावा’ असं म्हणता येत नाही. हे तास धरले जातील का, कोणत्या अटींवर, हे तुझ्या संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकाकडून आणि डीजीसीएकडून, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी विमान खात्याकडून, लेखी घे. तोंडी ‘होऊन जाईल’वर प्लॉट विकायचा नसतो.

समजा तास धरले गेले. तरी कमर्शियल परवान्याला दहा तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवरून उडण्याचे, लागतात आणि पाच तास रात्रीचे. मी शिकले त्या पुष्पकला स्टार्टर नव्हता, दिवे नव्हते, एकानं आत ब्रेकवर बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हातानं फिरवायचा. अशा विमानात रात्रीचं उड्डाण होत नाही आणि इन्स्ट्रुमेंटचं शिक्षणही होत नाही. म्हणजे संस्थेचं विमान लागणारच. पुढे मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, आणि एअरलाइन्समध्ये जायचं तर एअरबस किंवा एटीआर या प्रवासी विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायची वेगळी मान्यता. सगळ्यात मोठा खड्डा तिथे पडतो. २०० तास पूर्ण झालेली आणि टाइप रेटिंगच्या पैशांसाठी घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तुझ्याकडे तो प्लॉट आहे. त्याची किंमत त्या वेळी कळेल.

मैत्रिणींना तासावर देण्याचा विचार मात्र आजच सोडून दे. खाजगी नोंदणीचं विमान मोबदला घेऊन देता येत नाही. मैत्रिणीच्या हातून पंखाचं टोक जरी घासलं तरी विमा कंपनी हात वर करेल, आणि परवान्याचा प्रश्न उभा राहील तो तुझ्या.

आता ‘जुनं विमान साधं असतं, त्यात बिघडायला आहे काय’ हे तुझं वाक्य. रचना साधी आहे, खरं आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, ९० अश्वशक्तीचं अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिन. पण साधं असलं तरी स्वस्त नसतं, आणि अकरा वर्षं उभं राहिलेलं विमान चालत्या विमानापेक्षा जास्त झिजलेलं असू शकतं. इंजिन फिरत नाही तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून जातं आणि आतून गंज धरतो. बाहेरून रंग चकचकीत, आत कॅमशाफ्टवर खड्डे. हे सिलिंडर किती दाब धरतात ते (कॉम्प्रेशन) तपासल्याशिवाय आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घातल्याशिवाय दिसत नाही.

शेपटीच्या चाकाच्या विमानात आणखी एक जागा असते, विकणारा ती कधी दाखवणार नाही. विमान उभं असताना शेपटी सगळ्यात खाली असते. कापडाच्या आत शिरलेलं पाणी, पावसाचं असो की धुताना गेलेलं, घरंगळत तिथेच साचतं. खालच्या नळ्या शेपटीच्या खांबाला जिथे जुळतात तिथे आतून गंज लागतो आणि वरून कापड शाबूत दिसतं. ते कापड उघडून अणकुचीदार टोच्यानं नळी दाबून पाहावी लागते. माझ्यासमोर एका मिस्त्रीनं एका विमानाची नळी अशी दाबली होती, आणि टोच्या पापडात जावा तसा आत गेला होता. त्या विमानाचा रंग नवा होता.

पंखांचंही तेच. या वर्गातल्या विमानांत पंखांचा कणा बहुधा लाकडाचा असतो. आपल्याकडचं एप्रिल-मेचं कोरडं ऊन आणि लगेच जूनची ओल, यात लाकूड आकसतं, फुगतं आणि चिकटवलेले सांधे सुटायला लागतात. उंदरांनी पंखात घर केलेलं असेल तर त्यांच्या मुतानं अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं असतं. कुंभारीण माशी वेग मोजायला हवा घेणाऱ्या पिटोट नळीत आणि इंधन टाकीच्या हवेच्या भोकात मातीचं घर बांधून जाते. एवढ्याशा गोळ्यानं वेग दाखवणारं यंत्र शून्यावर बसतं किंवा उडाल्यावर इंजिनाचं इंधन तुटतं. पुष्पकचं उत्पादन कधीचंच बंद झालं. इंजिनाचे भाग अजून मिळतात, पण सांगाड्याचा एखादा भाग हवा असेल तर दुसरं पुष्पकच शोधावं लागतं, नाहीतर मान्यताप्राप्त ठिकाणी नव्यानं बनवून घ्यावा लागतो.

आणि या सगळ्याच्या आधी कागद. व्हीटी या भारतीय अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी अजून जिवंत आहे की रद्द झाली? नोंदणी वडिलांच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची संमती आहे का, की एक भाऊ विकतोय आणि दुसऱ्याला पत्ताच नाही? विमान उडायला योग्य असल्याचं एअरवर्दीनेस सर्टिफिकेट कधीपासून लागू नाही? सांगाडा, इंजिन आणि पंखा यांची लॉगबुकं, म्हणजे तासांच्या आणि दुरुस्त्यांच्या नोंदवह्या, पहिल्या पानापासून सलग आहेत का? एखादं लॉगबुक ‘घर बदलताना हरवलं’ असेल तर त्या इंजिनाचे किती तास झाले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगता आलं नाही तर ते नव्यानं ओव्हरहॉल करण्यावाचून इलाज राहत नाही. कागद नसलेलं विमान हे सुट्या भागांचा ढीग आहे, मग ते कितीही देखणं असो. किंमत ठरवताना ती ढिगाची ठरव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘शेपटीच्या चाकावर शिकलेलाच खरा वैमानिक.’ हे वाक्य मीही खूप वर्षं म्हटलंय. आज म्हणत नाही. एवढं मात्र म्हणते की शेपटीचं चाक पायांना शिकवतं, आणि तुझ्या सेसनाचं पुढचं चाक पायांच्या चुका पोटात घालतं.

काटोलकडे कुणी ट्रॅक्टरवाला ओळखीचा असेल तर त्याला विचार, ट्रॉली ओढत नेणं सोपं की रिव्हर्समध्ये ढकलणं. ओढताना ट्रॉली मुकाट मागे येते. ढकलताना जरा तिरकी झाली की आणखी तिरकी होते, आणि वेळीच सावरली नाही तर आडवी. शेपटीच्या चाकाच्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. जमिनीवर धावताना नाक जरा वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं. पाय जागे असतील तर अर्ध्या इंचात सावरतं. झोपले असतील तर विमान गर्रकन फिरतं. त्याला ग्राउंड लूप म्हणतात.

माझं झालं ते एका अगदी शांत सकाळी. मी एकोणीस वर्षांची होते, तुझ्यासारखीच सोलो झालेली. तिन्ही चाकं एकदम टेकली, त्या महिन्यातलं माझं सगळ्यात सुरेख लँडिंग. मी श्वास सोडला आणि त्याबरोबर पायही सैल सोडले. डावीकडून नावापुरतं वारं होतं. नाक डावीकडे गेलं, मी उजवा पाय दाबला तो उशिरा आणि भलताच जोरात, आणि पुढच्या दोन सेकंदांत आकाश, शेड, गवत सगळं खिडकीतून आडवं पळालं. उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं. कापड फाटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला, जाड धोतर टर्रकन फाडावं तसा.

कुणी ओरडलं नाही. संध्याकाळी मिस्त्रीनं मला बोलावलं आणि फाटलेल्या कापडाची कड धरायला उभं केलं. वाकड्या सुईनं तो टाके घालत होता, दर आठ-दहा टाक्यांनंतर एक गाठ. तासभर मी कड धरून उभी होते. मधेच म्हणाला, “बाई, चाक टेकलं का झालं, असं वाटते नं, तिथंच मानूस फसते.” मग पुन्हा टाके. त्या एका तासानं मला जे शिकवलं ते कुठल्या ब्रीफिंगनं शिकवलं नाही. आज हे तुला लिहिताना वाटतं, त्या दिवशी ते विमान माझ्या मालकीचं असतं तर? मी कदाचित दुरुस्तीच्या खर्चाच्या धास्तीनं महिनाभर उडालेच नसते, किंवा कुणाला न सांगता टाके घालून पुन्हा उडाले असते. दोन्ही वाईट. शिकाऊ माणसाकडून चुका व्हायच्याच, आणि त्यांचं ओझं उचलायला मागे एक प्रशिक्षक आणि एक संस्था असावी लागते.

जागेचाही विचार कर. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटर लांब, डांबरी, आग्नेय-वायव्य. या विमानांना गवत आवडतं, कारण गवतावर चाक थोडं घसरून चूक माफ करतं. डांबर धरून ठेवतं. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे धावपट्टीला तिरका. प्रवासी विमानं, वायुसेनेची विमानं, त्यांच्या मागे रांगेत थांबायचं, टॉवरशी सतत रेडिओवर बोलायचं, आणि तुझ्या विमानात रेडिओला वीज पुरवायचीच सोय नसेल तर तीही आधी करायची. मे महिन्यात पारा ४५ वर असताना हजार फूट उंचीवरच्या आपल्या धावपट्टीवरची हवा पाच हजार फुटांवर असावी तशी विरळ होते. ९० पैकी तेरा-चौदा अश्वशक्ती तिथेच जातात. दुपारच्या वावटळी वेगळ्या. आणि फेब्रुवारी-मार्चात विदर्भात गारपीट झाली की संत्र्याच्या बागांचं काय होतं ते तू पाहिलंच असशील. कापडाच्या पंखांचं त्याहून वाईट होतं. म्हणजे पक्कं छप्पर हवंच. हँगरमध्ये जागा मिळते का आणि महिन्याला काय पडतं, हे विमानाच्या किमतीआधी विचारायचं असतं.

इंधनाबद्दल थोडक्यात. तासाला वीसेक लिटर, आणि तेही एव्हीगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं खास पेट्रोल. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशात बनवतं, हे चांगलंच झालं. पण जेटचं इंधन जसं विमानतळावर सहज भरता येतं तसं हे प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. छोट्या ठिकाणी पिंपांतून आणावं लागतं.

मग शेपटीचं चाक सोडूनच द्यायचं का? मुळीच नाही. ते कसब विमान न घेताही कमावता येतं, आणि सुरुवात उद्यापासून करता येते. सेसनावर टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, मधली रेषा दोन्ही चाकांच्या बरोबर मधोमध ठेवायची, एकदाही न सोडता. हळू, माणूस चालतो त्या वेगानं. उतरताना मुख्य चाकं टेकल्यावर नाक धपकन पडू द्यायचं नाही, योक (हातातलं स्टिअरिंग) मागे धरून ठेवायचा, आणि विमान थांबेपर्यंत पाय चालू ठेवायचे. तुझ्या प्रशिक्षकाला सांग, वळताना विमान घसरतंय का ते दाखवणाऱ्या यंत्रातला बॉल मधून हलला की माझ्या खांद्यावर टपली मारा. लाज वाटून घेऊ नकोस. पंधरा तासांत तुला स्वतःत फरक जाणवेल.

सुट्टीत पुण्याला हडपसरचं डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथली उड्डाणं चालू आहेत का ते आधी विचारून मग जा. ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला असतो. पाय चुकले की धागा तिरका होतो, डोळ्यांसमोर, दर क्षणाला. इंजिन नाही, आवाज नाही, फक्त तो धागा. रडर शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही, आणि खर्चही इंजिनाच्या विमानापेक्षा कितीतरी कमी. पुढे तास पूर्ण करायला किंवा कामासाठी परदेशी गेलीस तर तिथे शेपटीच्या चाकाचं रीतसर प्रशिक्षण घेता येईल. अमेरिकेत १९९१ पासून अशा विमानाचं सारथ्य करण्याआधी प्रशिक्षकाची लॉगबुकात सही लागते, आणि बऱ्याच जणांची ती पाच ते दहा तासांत होते. पायपर कब, सिटाब्रिया, चॅम्प अशी विमानं तिथल्या छोट्या शाळांत तासावर मिळतात. दहा तासांचे पैसे एका बाजूला आणि प्लॉट दुसऱ्या बाजूला ठेवून बघ.

राहिली ती भंगाराची भीती. मला वाटतं, तुला सगळ्यात जास्त तीच टोचते आहे. दसऱ्यापर्यंत नाही घेतलं तर पुष्पक कापलं जाईल आणि त्याला तू जबाबदार असशील, असं तुला आतून वाटतंय. तसं नाही, बाळ. अकरा वर्षं ते ज्यांच्या शेडमध्ये उभं आहे त्यांची ती जबाबदारी आहे. आणि मुदत घालून विकणाऱ्याची घाई ही त्याची घाई असते. जमिनीच्या व्यवहारात बाबा कुणाच्या मुदतीवर टोकन देतील का? नाही ना? इथेही द्यायचं नाही. हवं तर त्या कुटुंबाला एवढं सुचव की एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा विमान देखभालीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेला विचारून पाहा. विद्यार्थ्यांना नळ्या, कापड आणि लाकूड हात लावून शिकायला मिळेल, आणि विमान उभं राहील. न उडणारं पुष्पकही खूप शिकवतं.

इतकं सगळं वाचूनही मन तिथेच अडकलं असेल तर मी तुला दोष देणार नाही. मग क्रम असा धर. प्लॉटला हात लावायचा नाही. आधी नोंदणीचा कागद आणि तिन्ही लॉगबुकांची पहिली आणि शेवटची पानं यांचे फोटो मागव. ते द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपला. फोटो आले तर कापडाच्या विमानांवर प्रत्यक्ष काम केलेला एएमई (विमान देखभालीचा परवानाधारक अभियंता) शोध, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि त्याची दिवसाची फी आणि प्रवासखर्च देऊन त्याला घेऊन जा. तो ‘नको’ म्हणाला तरी ते पैसे वाया गेले असं समजू नकोस. ‘हो’ म्हणाला तर दुरुस्तीचा अंदाज त्याच्या सहीनं लिहून घे आणि मनातल्या मनात दुप्पट धर. विमान ट्रकवर पंख काढून आणायचं की विशेष परवानगीनं उडवत आणायचं, ते तोच सांगेल. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं उड्डाण कुणीही करो, तू करायचं नाहीस.

आणि एकटीनं घेऊ नकोस. तीन-चार जण मिळून घ्या, त्यात निदान एक जण पुष्पकवर तास असलेला हवा. कुणी कधी उडवायचं, मोडलं तर कुणी भरायचं, सोडून जाणाऱ्याचा हिस्सा कसा ठरवायचा, हे वकिलाकडून लिहून घ्या. मैत्री आहे म्हणून तोंडी ठेवू नका. अशा सामायिक व्यवहारात भांडण मोठ्या दुरुस्तीवरून क्वचित होतं. टायर कुणी बदलायचा यावरून होतं. हे सगळं परवाना हातात आल्यावर. तोवर बाबांना कामाला लाव. त्यांना लॉगबुकं वाचायला शिकव, पुष्पक पाळलेले जुने लोक शोधायला सांग. त्यांना ते मनापासून आवडेल, आणि त्या शोधात तुमच्या तिघांचा निर्णय बराचसा आपोआप होईल.

शेडमध्ये विमान बघायला गेलात तर बाबांबरोबर आईलाही घेऊन जा. हातात चांगली टॉर्च ठेव. आधी शेपटीकडे जा, खाली वाक आणि कापडाच्या खालच्या शिवणीला बोट लावून बघ, ओल किंवा तांबूस डाग लागतो का. लॉगबुकांचे फोटो आले की नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून मला पाठव. मी पान न् पान वाचून उत्तर देईन.